पिंजणाचे तीन ठोके

सावरखेडा नावाच्या एका गावात दोन आवाज होते. एक करीमचाचांच्या बांगेचा आणि दुसरा दस्तगीर पिंजाऱ्याच्या पिंजणाचा. गावाचा सगळा दिवस या दोन आवाजांवर चालायचा. घड्याळ गावात एकच होतं, तेही मशिदीच्या भिंतीवर. बाकीच्यांचं काम कानांवर भागायचं.

ही गोष्ट आमच्या सासूबाईंच्या तरुणपणची. त्यांचं अंगण आणि दस्तगीरचं अंगण, मध्ये कमरेएवढी मातीची भिंत. त्यामुळे बरंचसं त्यांनी स्वतः पाहिलंय. जे पाहिलं नाही ते दस्तगीरच्या बायकोकडून, जैतूनबीकडून, भाजी निवडता निवडता काढून घेतलंय. म्हणून खात्रीनं सांगते.

तेव्हा गाद्या दुकानातून तयार येत नसत. घरात लग्न निघालं की पिंजाऱ्याला बोलावणं जायचं. पिंजण म्हणजे माणसाच्या उंचीचं लाकडी धनुष्य. त्याला आतड्याची तात ताणून बांधलेली. तात कापसात धरायची आणि लाकडी ठोक्यानं तिला मारायचं. तंग, तंग, तंग. जुना, दबलेला, गाठी झालेला कापूस बघता बघता फुलून यायचा. संध्याकाळपर्यंत दस्तगीरच्या भुवया, दाढी, पापण्या सगळं पांढरं. माणूस रंगानं काळा कुळकुळीत, त्यात तो पांढरा कापूस. सासूबाई भिंतीवरून म्हणायच्या, "दस्तगीरभाऊ, आज तर अगदी आजोबा दिसताय." तो म्हणायचा, "वहिनी, पिंजारी रोज संध्याकाळी म्हातारा होतो अन् रोज सकाळी तरुण उठतो."

आणि करीमचाचांची बांग! मशिदीच्या दगडी चौथऱ्यावर उभं राहून, कानांवर हात ठेवून द्यायचे. भोंगा नव्हता, काही नव्हतं. तरी आवाज ओढा ओलांडून पलीकडच्या वस्तीपर्यंत जायचा. तिन्हीसांजेची बांग झाली की सासूबाईंच्या देवापुढे दिवा लागायचा, सुताराची करवत थांबायची, गुराखी गुरं वळवायचे. बांग मशिदीची होती, पण वेळ सगळ्यांची होती.

दस्तगीर त्या आवाजाचा वेडा होता. करीमचाचा वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला बसले की हा पाणी घालायचा आणि विचारत राहायचा. इथे श्वास कुठे घेता? तिथे आवाज कसा टिकवता? चाचांनी वर्षानुवर्षं त्याला शिकवलं. ओढ्याच्या काठी दोघं जायचे आणि दस्तगीर गळा मोकळा करायचा. सासूबाई धुणं धुता धुता ऐकायच्या. त्या सांगायच्या, करीमचाचांचा आवाज लांब जायचा, पण दस्तगीरचा लांब जाऊन थांबायचा.

दस्तगीरला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. चौथऱ्यावर उभं राहून एकदा तरी बांग द्यायची.

त्या साली रमजान वैशाखात आला. रमजानच्या आठवडाभर आधी करीमचाचा गेले. जाण्यापूर्वी त्यांनी मीरसाहेबांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, "माझ्या जागी दस्तगीरला उभं करा."

मीरसाहेब म्हणजे गावातलं मोठं घराणं. मशिदीचा कारभार पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडे. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. दारातून कुणी उपाशी जात नसे. आणि गोष्ट सांगावी तर मीरसाहेबांनीच. रमजानमध्ये असरची, म्हणजे दिवस कलतानाची नमाज झाली की मशिदीच्या अंगणात निंबाखाली बसून ते जुन्या थोर माणसांच्या गोष्टी सांगायचे. दहाव्या रोजाला हजरत बिलालची गोष्ट, हे ठरलेलं. ती ऐकायला भिंतीबाहेर आमच्याकडच्या बायकासुद्धा उभ्या राहायच्या. ती सांगताना मीरसाहेब दरवर्षी रडायचे. त्या दिवशी ते दोन रुमाल घेऊन येतात, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं.

करीमचाचांचे तीन दिवस झाल्यावर दस्तगीर मीरसाहेबांच्या ओसरीवर गेला.

मीरसाहेब म्हणाले, "करीमचाचांचं मन मोठं होतं. पण बांग देणं म्हणजे काय गादी भरणं आहे? दाढीत कापूस, हातात आतड्याची तात. चौथऱ्यावर तुला पाहून लोक काय म्हणतील?"

"अंघोळ करून, हात धुऊन येईन, मीरसाहेब."

"घराणं धुऊन येत नाही, दस्तगीर."

दस्तगीरनं दाढीतला एक तंतू काढून मुठीत धरला. मीरसाहेब पुढे बोलतच होते.

"माझा पुतण्या मुर्तुजा देईल बांग. आणि तू मला जबान दे. ओढ्यावर तुझा गळा चालतो, ते मला ठाऊक आहे. या गावात तुझ्या तोंडून बांग ऐकू यायला नको. रमजानच्या महिन्यात मशिदीत दोन तट नकोत मला."

दस्तगीरनं जबान दिली.

घरी आल्यावर जैतूनबीनं आकाशपाताळ एक केलं. "अहो, मेलेल्या माणसाचा शब्द आहे तुमच्यामागे! चार माणसं गोळा करा. भांडा."

"भांडून चौथऱ्यावर चढता येईल," दस्तगीर म्हणाला, "पण भांडून बांग देता येत नाही." आणि तो पिंजणाशी जाऊन बसला.

मुर्तुजा पंचविशीचा, सभ्य, लाजरा मुलगा. आवाज त्याहून लाजरा. पहिल्या दिवशी त्यानं बांग दिली तर सुतारानं करवत थांबवलीच नाही. तोंडानं फटकळ होता तो सुतार. दुसऱ्या दिवशी मुर्तुजाला म्हणाला, "काय रे, बांग देतोस की कानगोष्ट सांगतोस?" मुर्तुजा बिचारा आणखीनच बारीक झाला. मीरसाहेबांनी सांगितलं म्हणून उभा राहायचा, एवढंच.

गावात एक वेळ चाललं असतं. मशीद जवळ होती. पण ओढ्यापलीकडे सात-आठ घरं होती, आणि त्यात पहिलंच घर मीरसाहेबांच्या फुफीचं. म्हणजे त्यांच्या वडिलांची बहीण. ऐंशीच्या पुढची म्हातारी, एकटी राहणारी, हट्टी. मीरसाहेबांनी किती वेळा म्हटलं, अलीकडे वाड्यावर राहायला या. ती म्हणायची, "मी नवरीच्या पालखीत बसून या घरात आले, दुसरी पालखी निघेल तेव्हाच बाहेर पडेन." रोजे मात्र एकही सोडायची नाही. आणि तिची एक रीत होती. बांग कानावर पडल्याशिवाय खजूर तोंडात घालायची नाही. साठ वर्षं असंच चाललेलं.

पहिल्या रोजाच्या संध्याकाळी फुफी अंगणात खजूर हातात धरून बसली. वैशाखातला धुराळा उठला होता. सूर्य बुडाला की धुळीत दडला, काही कळेना. म्हातारी बसली. बांग येईना. काळोख दाटला, शेजारणी म्हणाल्या, आता सोडा हो रोजा. ती म्हणाली, "ऐकल्याशिवाय नाही." शेवटी तिचे डोळे फिरले, तेव्हा शेजारणींनी बळेच तिच्या तोंडात पाणी घातलं. मीरसाहेबांना यातलं काही कळवू नका, असं तिनं सगळ्यांना बजावलं. कळलं असतं तर त्यांनी तिला उचलून वाड्यावर नेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यावर जैतूनबीला हे कळलं. तिनं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. दस्तगीरचं काम थांबलं. त्याचं घर गावाच्या शेवटाला, ओढ्याच्या अलीकडच्या काठावर. मुर्तुजाची बांग तिथपर्यंत जेमतेम पोचायची, पण पिंजाऱ्याचा कान तो. तातेतला बारीकसा फरकही त्याला कळायचा.

"मी बांग देणार नाही, अशी जबान दिलीय," तो म्हणाला.

"मग म्हातारीनं तहानेनं मरायचं?"

दस्तगीरनं पिंजणाच्या तातेला बोट लावून पाहिलं. मग जैतूनबीला म्हणाला, "पलीकडे जाऊन फुफीअम्माला सांगून ये. आज तात तीनदा वाजेल. तीन ठोके ऐकले की बांग झाली समजा."

त्या संध्याकाळी त्यानं पिंजण उचलून अंगणात आणलं. कान मशिदीकडे लावून उभा राहिला. मुर्तुजाचा आवाज वाऱ्यावर कसाबसा आला, तसे दस्तगीरनं सगळा जीव काढून तीन ठोके मारले.

तंग. तंग. तंग.

ओढ्यापलीकडे सात-आठ घरांतून एकदम भांड्यांचा आवाज आला. सासूबाई सांगायच्या, तो आवाज ऐकून दस्तगीर असा हसला, जसा काही चौथऱ्यावरच उभा आहे.

पण याची एक किंमत होती. रोजा सोडायला सगळे पुरुष मशिदीत जमायचे. दस्तगीरही दिवस कलताना निंबाखाली येऊन बसायचा, अगदी मागे, जोड्यांपाशी. आणि बांगेच्या जरा आधी हळूच उठून घरी जायचा. ठोके देऊन, घोटभर पाणी पिऊन पळत मशिदीत परत यायचा, तोवर नमाज उभी राहिलेली असायची. रोज शेवटची ओळ. मीरसाहेबांच्या नजरेतून हे सुटलं नाही. कारण मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. पलीकडच्या वस्तीला फुफीनं तोंडाला कुलूप घालायला लावलेलं, आणि दस्तगीर स्वतःहून काही सांगणारा नव्हे. अलीकडच्यांना वाटायचं, पिंजारी तात ताणून बघत असेल.

दहावा रोजा उजाडला. निंबाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. मीरसाहेबांनी हजरत बिलालची गोष्ट सुरू केली.

मक्केत हजरत बिलाल गुलाम होते, मूळचे हबशी, रंगानं काळे. त्यांनी एकाच ईश्वराला मानलं म्हणून मालक त्यांना तापल्या वाळूत निजवायचा आणि छातीवर भला मोठा दगड ठेवायचा. म्हणायचा, सोड तुझा ईश्वर. ते म्हणायचे, "अहद, अहद." तो एकच, तो एकच. पुढे हजरत अबू बकर यांनी त्यांना मालकाकडून सोडवून मोकळं केलं. मग मदिनेत बांग कुणी द्यायची असा विषय निघाला, तेव्हा पैगंबरसाहेबांनी हजरत बिलालनाच सांगितलं. आणि ज्या मक्केत ते दगडाखाली निजले होते, त्याच मक्केत एक दिवस काबागृहावर चढून त्यांनी बांग दिली.

"असं सांगतात," मीरसाहेब म्हणाले आणि त्यांनी पहिला रुमाल काढला, "की काही खानदानी माणसांनी खालून तोंडं वाकडी केली. त्यांना फक्त रंग दिसला. पैगंबरसाहेबांना माणूस दिसला."

सगळ्यांचे डोळे भरले होते. मागे जोड्यांपाशी दस्तगीरचेही. तेवढ्यात त्यानं उन्हाकडे पाहिलं आणि तो उठला.

मीरसाहेबांचा आवाज कडक झाला. "थांब! रोज याच वेळेला कुठे पळतोस? घरी पाण्याचा माठ बोलावतो वाटतं? बांग व्हायचीसुद्धा वाट बघवत नाही?"

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "पिंजाऱ्याच्या गळ्यात कापूस अडकत असेल, मीरसाहेब. पाणी लागतंच."

रोजा चोरून मोडतो, असा आरोप. तोही मशिदीत, तोही हजरत बिलालच्या दिवशी. दस्तगीर वळला. एक शब्द बोलला असता तर सगळा उलगडा झाला असता. पण मग फुफीला उचलून वाड्यावर नेलं असतं. आणि उशीर तर आधीच झाला होता. पलीकडे म्हातारी खजूर धरून बसली असेल. त्यानं हात जोडले आणि मान खाली घालून निघून गेला. ओढ्याच्या वाटेला लागल्यावर मात्र धावत सुटला.

त्या संध्याकाळी ठोके वाजले ते असे, की भिंतीपलीकडे सासूबाईंच्या हातातली पणती हलली. जैतूनबी रडत होती. "रोजा मोडणारा म्हणाले तुम्हाला. आता तरी पुरे करा."

"फुफीअम्माला पाणी मिळालं ना?"

"मिळालं."

"मग माझाही रोजा झाला," तो म्हणाला.

जैतूनबी गप्प बसणारी नव्हती. नवऱ्यानं जबान दिली होती, तिनं नव्हती. सकाळी ती पलीकडे गेली आणि फुफीपाशी बसून आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं. फुफीनं ऐकून घेतलं. मग पुतण्याला निरोप धाडला, "आज रोजा सोडायला माझ्याकडे ये. एकटा ये."

अकराव्या रोजाला मीरसाहेब ओढा ओलांडून गेले. फुफीनं अंगणात चटई टाकली होती. ताटात खजूर, कलिंगडाच्या फोडी, सब्जाचं सरबत. धुराळा रोजच्यासारखाच. दोघं बसली.

थोड्या वेळानं मीरसाहेब म्हणाले, "वेळ झाली असेल नाही?"

"बांग ऐकलीस?"

"नाही."

"मग बस."

मीरसाहेबांनी कान टवकारले. वाऱ्याचा आवाज, पलीकडे कुणाचं तरी वासरू हंबरतंय. मुर्तुजाचा आवाज कुठेच नाही. ओठ सुकून गेले होते. सरबताचा प्याला समोर होता. इतकी वर्षं मशिदीत बसून रोजा सोडणाऱ्या माणसाला ओढ्यापलीकडची तहान पहिल्यांदाच कळत होती.

"फुफी, तुम्ही रोज अशाच बसता?"

"पहिल्या दिवशी बसले. डोळे फिरले माझे."

मीरसाहेब दचकले. ते काही बोलणार एवढ्यात आवाज आला.

तंग. तंग. तंग.

फुफीनं बिस्मिल्ला म्हणून खजूर तोंडात घातला. शेजारच्या घरांतून भांडी वाजली. मीरसाहेब हातातला खजूर तसाच धरून बसले.

"हे काय?"

"आमची बांग. तू त्याचं तोंड बंद केलंस. म्हणून त्यानं हात चालवले."

"दस्तगीर?"

"रोज तुझ्या निंबाखालून उठून येतो तो यासाठी. आमचे गळे भिजवतो, मग आपला भिजवतो, मग धावत जाऊन तुझ्या शेवटच्या ओळीत उभा राहतो. आणि काल तू त्याला म्हणे पाण्याचा माठ दाखवलास."

मीरसाहेबांनी मान खाली घातली.

फुफी म्हणाली, "हैदर, पन्नास वर्षं झाली, तुझ्या बापापासून मी ती गोष्ट ऐकतेय. लोकांना रंग दिसला, पैगंबरसाहेबांना माणूस दिसला. तुला काय दिसलं रे? दाढीतला कापूस?"

मीरसाहेबांजवळ रुमाल होता. पण डोळे पुसायला तो काढायची त्यांना लाज वाटली. फुफीनंच त्यांच्या हातातला खजूर त्यांच्या तोंडाशी नेला. म्हणाली, "खा आता. उशीर करू नये."

दुसऱ्या दिवशी निंबाखाली गोष्ट झाली नाही. मीरसाहेब उठले आणि मागे जोड्यांपाशी गेले. दस्तगीर गडबडून उभा राहिला. मीरसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "हा माणूस रोज इथून उठून ओढ्यापलीकडच्या लोकांचा रोजा सोडवत होता. माझी फुफी त्याच्यामुळे जिवंत आहे. मी त्याला रोजा चोरून मोडणारा म्हटलं. तुम्ही हसलात, पण सुरुवात माझी होती." मग ते दस्तगीरकडे वळले. "तू दिलेली जबान मी तुला परत देतो. आणि तुला उभं करण्याची जी जबान मी करीमचाचांना द्यायला हवी होती, ती आज देतो. चल."

बांगेची वेळ झाली. दस्तगीर वजूला बसला. भुवयांत, दाढीत कापूस होताच. तो लाजून हात मागे घ्यायला लागला, तर मीरसाहेबांनी तांब्या उचलला. ज्या घराण्यातल्या माणसांना दुसरे हातावर पाणी घालायचे, त्यातला माणूस खाली वाकून पिंजाऱ्याच्या हातांवर पाणी घालत होता. दाढीतले तंतू त्यांनीच बोटांनी काढले. एक राहिला. तो दस्तगीरच्या पापणीवर होता.

मुर्तुजा चौथऱ्यावरून जवळजवळ उडी मारूनच उतरला. "दस्तगीरचाचा, सुटलो मी!" म्हणाला. सगळे हसले. दस्तगीरही हसला आणि वर चढला.

सासूबाई तेव्हा देवापुढे वात सारखी करत होत्या. त्या सांगायच्या, पहिला स्वर उठला आणि हातातली वात तशीच राहिली. करवत थांबली. गुराखी ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा राहिला. करीमचाचा गेल्यापासून गाव संध्याकाळी जे काही शोधत होतं, ते परत आलं होतं. रडलं नाही असं घर नव्हतं. आणि पलीकडे फुफी अंगणात आली, आवाजाच्या दिशेला तोंड करून उभी राहिली आणि खजूर खायचाच विसरली.

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. "बांग छान पोचते. पण आम्हाला ते तीन ठोकेही हवेत. सवय झाली." मग त्या दिवसापासून रमजानमध्ये दस्तगीर चौथऱ्यावर उभा राहायचा आणि घरी जैतूनबी पिंजणावर तीन ठोके मारायची. फुफी गेल्यावरही ती रीत पुष्कळ वर्षं चालली.

मीरसाहेब पुढेही दहाव्या रोजाला हजरत बिलालची गोष्ट सांगायचे. काबागृहापर्यंत यायचे आणि थांबायचे. "लोकांना रंग दिसला," एवढं म्हणायचे. मग मागे वळून दस्तगीरकडे बघायचे, आणि तो मान खाली घालून हसायचा. त्याला आता पुढे बसायला जागा होती, पण तो जोड्यांपाशीच बसायचा. म्हणायचा, इथून उठायला सोपं पडतं.

आता गाद्या गाडीतून तयार येतात, गुंडाळलेल्या. प्रत्येकाच्या मनगटावर, खिशात घड्याळ आहे. वेळ कुणाला विचारावी लागत नाही. दस्तगीरचं पिंजण त्याच्या नातीच्या घरी भिंतीला टांगलंय. मी गेले होते तेव्हा सहज तातेला बोट लावून पाहिलं. सैल झालीय. तरी वाजली. आतून नातीनं हाक मारली, "कोण आहे? रोजा सुटला का?" आणि मग आम्ही दोघी हसत बसलो, कारण तेव्हा तर दुपारचे बारा वाजले होते.

तात्पर्य: थोर माणसाची गोष्ट ऐकून डोळ्यांत पाणी येणं सोपं आहे; तसाच माणूस आपल्या दारात कामाच्या कपड्यांत उभा असला तर त्याला ओळखून मान द्यावा, तेव्हाच ती गोष्ट आपल्याला कळली असं म्हणावं.